साल

आधी बूट ओले होऊ देत, इझिडोर मामा म्हणतो,
कोरड्या पायांनी सापडतं ते दुसरंच झाड.

सीडरच्या दलदलीपलीकडे,
जिथे नकाशा नुसता निळा रंग फासून मोकळा होतो,
तिथे उभा असतो काळा ॲश, घोट्याएवढ्या पाण्यात.

फांद्या बघ. समोरासमोर.
एक डावीकडे निघाली की त्याच पेरातून दुसरी उजवीकडे,
न बोलणाऱ्या जावांसारखी.
पान म्हणजे एक पान नव्हे:
सात, नऊ, कधी अकरा पानुल्या एका दांडीवर,
आणि शेंड्याची सोडली तर देठ कुणालाच नाही.
पांढऱ्या ॲशच्या पानुल्यांना असतो, चिमूटभर का होईना.
"त्याच्या बेसबॉलच्या बॅटी होतात," मामा म्हणतो,
"बटाटे बॅटीत भरत नाहीत."

हिवाळ्यात आलीस तर कळी बघ.
शेंड्याची कळी काळपट, खालच्या जोडीपासून जरा लांब,
जेवायच्या टेबलावर रुसून बसलेल्या पोरीसारखी.
हे म्हणताना तो माझ्याकडे बघत नाही.

आणि शेवटी हात.
साल अंगठ्यानं चोळ. बुचासारखी मऊ लागली,
भुसा होऊन झडली, तर तोच.

मी चोळते.
बँगोरच्या ऑफिसात नऊ वर्षं फायली उलटणारा अंगठा.
झडते.

मामा कुऱ्हाडीनं छोटी खाच घेतो,
आतल्या वलयांशेजारी नाणं धरतो, मान हलवतो.
चार झाडं अशीच सोडली.
पाचव्याच्या मुळाशी तंबाखूची चिमूट ठेवली
आणि त्याच्या भाषेत काहीतरी बोलला,
जे मला अर्धंच कळतं.

ओंडका आता अंगणात.
आधी साल काढायची, मग सालं.
कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकत जायचं या टोकापासून त्या टोकापर्यंत,
घावाला घाव चिकटवून, एक इंचही न वगळता,
की वसंतातलं पोकळ लाकूड चिरडतं
आणि अख्खं एक वर्ष
पट्टी होऊन हातात येतं.

गेलं वर्ष: बरं होतं.
त्याखालचं कागदाएवढं. पाऊसच नव्हता.
"हे तू गेलीस ते." मध्यम. कशालाही चालेल.
आत आत रंग तपकिरी होत जातो,
माझे खांदे भरून येतात, तो थांबत नाही.
मग एक पट्टी निघते रुंद, जाड, गुळगुळीत,
ओंडक्यातली सगळ्यात देखणी.

"पुराचं साल," मामा म्हणतो. "लझार गेला ते."
नदीनं त्याच्या भावाला तीन दिवस परत दिलं नव्हतं.
"झाडाला मात्र पाणी भरपूर मिळालं."
ती पट्टी तो वेगळी ठेवतो.
बुडाला लागते अशी. वजन तीच पेलते.

आजोबा डझनाच्या भावानं टोपल्या विकायचे आरूस्टुकच्या शेतांवर.
बटाट्यांबरोबर आमची किती वर्षं उचलतोय
हे शेतमालकानं कधी विचारलं नाही,
आजोबांनी बिलात लावलं नाही.

एक खूण तो सगळ्यात शेवटी दाखवतो, परतीच्या वाटेवर.
खोडात छिद्र, अर्ध्या चंद्राएवढं नेमकं,
तांदळाच्या दाण्यापेक्षा जेमतेम मोठ्या हिरव्या किड्याचं.
किडा बाहेर पडून गेलेला.
अर्धचंद्र मिळाला तो झाडाला.
"मोज," तो म्हणतो. मी सतरापर्यंत मोजते.
"पुरे."

गाडीत बसताना माझ्या खिशात तो मूठभर बी कोंबतो,
चपटी, वल्ह्यांच्या पात्यांसारखी.
मातीत दोन हिवाळे झोपते ही, कधी तीन.
घाई करू नकोस, म्हणतो.
मामा एकाहत्तरचा आहे.

बँगोरपर्यंत स्टिअरिंगवर
अंगठ्याचा राखाडी ठसा.